पाझर तलावातली चार अंडी

मी एक म्हातारी टिटवी आहे. मित्रांनो, माझं नाव ऐकून तुमच्यापैकी कोणी तोंड वाकडं केलं असेल, तर मला त्याचं नवल वाटणार नाही. तुमच्या आईबापांनी तुम्हाला माझ्याविषयी बरंच काही सांगून ठेवलं आहे. टिटवी घरावरून ओरडत गेली की त्या घरात वाईट बातमी येते. टिटवी पाय वर करून झोपते, कारण आभाळ पडलं तर ते पायांवर झेलायचं असं तिने ठरवलेलं असतं. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस भरपूर, खोलगट जागी घातली की दुष्काळ. हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आम्ही शेतातच राहतो, माणसांच्या पायांत हिंडतो, आणि माणसं पाखरांसमोर बोलताना आवाज कधी खाली करत नाहीत.

आभाळाच्या गोष्टीचा मला राग येत नाही. खरं सांगायचं तर ती मला आवडते. एवढी मोठी जबाबदारी कोणी आपण होऊन आपल्यावर सोपवली, तर नाही कशाला म्हणायचं? पहिल्या गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. मी ओरडते, ते कोणाचं तरी पाऊल माझ्या अंड्यांकडे वळलेलं असतं म्हणून. आणि तिसऱ्या गोष्टीपायी मी जे पाहिलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

गर्भगिरीच्या पायथ्याला, पाथर्डीच्या वाटेवर एक माळ आहे. तिथे माझा जन्म झाला. आम्ही घरटं बांधत नाही. झाडाच्या फांदीवर आम्हाला बसताही येत नाही, कारण फांदी धरायला मागचा जो अंगठा लागतो तो आमच्या पायाला नावापुरताच असतो. जमीन उकरून वाटीएवढी खळगी करायची, भोवती चार खडे आणि शेळीच्या वाळल्या लेंड्या मांडायच्या, आणि उघड्या आभाळाखाली अंडी घालायची. अंड्यांचा रंग मातीचा, वर काळे डाग. तुम्ही दोन हातांवरून गेलात तरी ती दिसणार नाहीत. एवढंच आमचं कुंपण.

माळाला लागून कानिफनाथबाबांचं शेत होतं. बाबा तेव्हाच सत्तरीचे होते. नांगरताना त्यांना माझी खळगी दिसली की ते बैलांना थांबवायचे, नांगर उचलायचे आणि चार हात जागा सोडून पुढे टेकायचे. शेताच्या मध्ये तेवढंच एक बेट राहायचं. चार-पाच वर्षं मी त्या शेतात अंडी घातली आणि त्यांनी एकदाही माझ्यावरून नांगर नेला नाही. त्यांचा तो उपकार मी विसरलेले नाही.

पण बाबांना माझ्या खळगीची काळजी होती, तशीच तिची गरजही होती. उन्हाळा संपत आला की गावातली माणसं त्यांना विचारायला यायची, "बाबा, औंदा टिटवी कुठं बसली?" मग बाबा धोतर सावरत यायचे, लांबूनच मला पाहायचे आणि परत जाऊन सांगायचे. ते कधी खोटं बोलले नाहीत, म्हणून त्यांच्या शब्दाला फार वजन होतं. आपल्या चांगुणा नावाच्या नातीला ते बांधावर बसवून हेच शिकवायचे. तिचे डोळे मोठे व्हायचे आणि ती माझ्याकडे अशी पाहायची, जणू ढग माझ्याच मालकीचे आहेत.

त्या कौतुकाने मी थोडी फुगले होते, हे कबूल करते. पण मला पावसाचं काहीच कळत नव्हतं. एका वर्षी मी अगदी टेकाडावर अंडी घातली होती आणि त्या वर्षी बाजरी गुडघ्याच्या वर आली नाही. ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ज्या वर्षी जुळलं, तेवढंच लक्षात राहिलं.

मग वाईट दिवस आले. एकाहत्तर साली पाऊस जेमतेम पडला आणि बहात्तर साली तो आलाच नाही. विहिरींचे तळ उघडे पडले. बाबांचे बैल दूरच्या चारा छावणीत गेले. शेतात नांगरच नाही, तर ढेकळातले किडेही नाहीत. माणसांनी गावाच्या वर, ओढ्यात सरकारी काम धरलं. तिथे पाझर तलाव होणार होता. शे-दोनशे माणसं तळातला मुरूम खणायची आणि घमेल्यांनी वाहून भरावावर टाकायची. लहान मुलांना दुपारी सुकडीचा गोड खाऊ मिळायचा. मोठी माणसं मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची लाल भाकरी पाण्याबरोबर गिळायची. तिला चव नाही, असं सगळेच म्हणायचे आणि सगळेच ती खायचे.

मीही त्या कामावर गेले. तिथे तळाच्या एका कडेला पिण्याच्या पाण्याची टाकी होती आणि तिच्याखाली कायम ओल असायची. तुम्हाला ठाऊक नसेल, उन्हाळ्यात आम्हाला अंडी उबवण्यापेक्षा गार ठेवावी लागतात. पोटाची पिसं भिजवायची आणि धावत येऊन अंड्यांवर बसायचं. दिवसभरात वीस-पंचवीस खेपा होतात. सगळा मुलूख तापलेला असताना पाण्याजवळची जागा कोण सोडेल? होळीनंतरची मढीची यात्रा होऊन महिना झाला असेल. तलावाच्या तळात, खणायच्या राहिलेल्या एका पट्टीवर मी चार अंडी घातली. मित्रांनो, माझं कारण एवढंच होतं. पाणी जवळ होतं.

कानिफनाथबाबा म्हातारपणामुळे खणत नसत. ते बाभळीखाली बसून बायकांची तान्ही पोरं सांभाळायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पाहिलं. ते जवळ आले, खळगीकडे पाहिलं, वर भरावाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन दिवस ते कोणाला काही बोलले नाहीत. पण माणसं विचारायची थोडीच राहतात? एका दुपारी भाकरी सोडता सोडता कोणीतरी विचारलंच.

"टिटवी तळात बसली हाय," बाबा खाली बघत म्हणाले. "औंदा बी काय खरं न्हाई."

 कुदळी पुन्हा सुरू झाल्या, पण त्यांचा आवाज मंद होता. ज्या तलावात पाणीच येणार नाही तो कशाला खणायचा, असं त्यांच्या हातांना वाटत असावं.

चार दिवसांनी एक गोष्ट घडली. दुपारच्या सुट्टीत छबूबाईने फडकं सोडलं. ती विधवा होती आणि तीन मुलांना घेऊन कामावर यायची. तिच्या फडक्यात मिलोची लाल भाकरी नव्हती. बाजरीची भाकरी होती, करड्या हिरवट रंगाची, टम्म फुगलेली. तिचा वास बाभळीखाली पसरला आणि सगळ्यांच्या माना तिच्या फडक्याकडे वळल्या. गावात बाजरीचा दाणा राहिला होता तो एकाच जागी. प्रत्येक घरात चुलीच्या धुरावर, आढ्याला टांगलेल्या कणसांच्या जुड्या. ते पेरणीचं बियाणं होतं.

"पाऊसच न्हाई तर ती टांगून काय करू?" छबूबाई कोणी न विचारताच म्हणाली. "पोरांनी दीड वरसानं बाजरी खाल्ली."

तिला कोणी दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन फडक्यांत बाजरी दिसली.

बाबांचा मुलगा गोरक्ष आणि सून राहीबाई माझ्या पट्टीला लागूनच काम करायची. तो खणायचा, ती घमेलं वाहायची. दोघांचं बोलणं मी ऐकत होते.

"येत्या बाजारच्या दिवशी आपलीबी कणसं खाली काढतो," गोरक्ष म्हणाला. "चांगुणाची हाडं मोजून घ्यावी अशी गत झालीया."

"आठ दिसाच्या भाकरी हुतील," राहीबाई म्हणाली. "नवव्या दिवशी काय?"

"आन् ठिवून तरी काय? बा खोटं बोलत न्हाई, तुलाबी ठावं हाय."

"मामंजी खोटं बोलत न्हाईत. पर पाऊस आलाच, तर रानात काय पेरायचं? मुरूम?"

गोरक्षने कुदळ उचलली.  बाजारच्या दिवशी काम बंद असे आणि त्या दिवसाला सहा दिवस होते. गावात बाबांचं घर काय करतं याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. त्या घरातली कणसं उतरली असती, तर गावात एकही जुडी टांगलेली राहिली नसती.

त्याच दिवशी दुपारी सगळे सावलीला गेले असताना राहीबाई एकटी माझ्याकडे आली. मी उडाले, तिच्या डोक्यावरून झेपा घेतल्या, घसा बसेपर्यंत ओरडले. माझा जोडीदारही ओरडत आला. ती डोक्यावर पदर घेऊन तशीच पुढे आली आणि खळगीपाशी बसली. तेवढ्यात चांगुणा धावत आली.

"आये, हात लावू नगं! मानसाचा हात लागला की पाखरू अंडी टाकून देतं. तूच सांगितलं हुतं!"

राहीबाईचा हात तिथेच थांबला. तिला तिच्या आईने तेच सांगितलं होतं आणि तिने मुलीला.  मग तिने पदराचं टोक हातावर गुंडाळलं, एकेक अंडं त्यात घेतलं, तीन पावलं वर, भरावाच्या बाजूला नवी खळगी उकरली, माझेच खडे तिथे मांडले आणि अंडी ठेवली. टोकं आतल्या बाजूला, अगदी मी ठेवते तशी. मग मुलीचा हात धरून ती लांब जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, तो वेळ मी कधी विसरणार नाही. जुनी खळगी रिकामी होती. तीन पावलांवर माझी अंडी उन्हात तापत होती. जागा परकी होती. मी चार वेळा जवळ गेले आणि चार वेळा मागे पळाले. तिकडे राहीबाई जागेवरून न हलता उभी होती आणि चांगुणा रडत होती. तिला वाटत होतं आईने माझी पिल्लं मारली. शेवटी मी टाकीखाली जाऊन पोट भिजवलं आणि येऊन बसले. माणसाच्या हाताचा वास मला फारसा कळतही नाही. अंडी माझी होती, म्हणून मी बसले.

त्यानंतर हेच रोज सुरू झालं. सकाळी हजेरीआधी, दुपारच्या सुट्टीत आणि दिवस मावळताना घरी निघण्याआधी राहीबाई यायची आणि अंडी दोन-तीन पावलं वर न्यायची. मी ओरडायचे, झेपा घ्यायचे आणि मग नव्या जागी जाऊन बसायचे. दर वेळी पाणी थोडं लांब पडायचं. माझ्या खेपा वाढल्या, पाय दुखायला लागले. मला तिचा फार राग यायचा. ती हे का करते, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी आम्ही भरावाच्या उतरणीला लागलो. तिथे मुरूम सैल होता. राहीबाईने बोटांनी उकरून सपाट जागा केली, पण चौथं अंडं ठेवताना ते घरंगळलं आणि खालच्या दगडावर फुटलं. आत पिल्लू होतं. त्याला डोळे होते आणि ओली पिसंही फुटायला लागली होती. राहीबाई तिथेच मटकन खाली बसली. "माय, चुकलं गं," एवढंच ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली. तिच्या रडण्याने माझं पिल्लू परत आलं नाही. ती बाई चांगली होती, हे मी जाणते. तरी मी तिला माफ केलं असं म्हणणार नाही. ते मला जमलं नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी अंडी भरावाच्या खांद्यावर होती. दुसऱ्या दिवशी बाजार होता.

माझा आवाज नव्या जागेवरून येतो आहे हे बाबांच्या कानांनी हेरलं. काठी टेकत ते भराव चढून आले. वर तीन अंडी होती. त्यांचा चेहरा एकदम उजळला आणि त्यांनी खाली माणसांना हाक मारायला हात वर केला. मग त्यांची नजर उतरणीवर गेली. तळापासून वरपर्यंत एकामागे एक रिकाम्या खळग्या होत्या, प्रत्येकीभोवती एक-दोन खडे राहिलेले. तळातल्या त्या माळेच्या टोकाला माझी पहिली खळगी होती. बाबांनी वर केलेला हात खाली घेतला. मागे राहीबाई रिकामं घमेलं घेऊन उभी होती.

"सूनबाई, ह्ये तू केलं?"

"व्हय, मामंजी."

"असा पाऊस येतो व्हय?"

"न्हाई येत. मला ठावं हाय," राहीबाई म्हणाली.  "पर उद्या कणसं उतरली, तर आलेला पाऊसबी वाया जाईल. तुमच्या शब्दावर गाव बियाणं दळाया लागलंय. तुमाला खोटं बोला असं कसं म्हनू? म्हनून म्या हिलाच वर आनली."

बाबा माझ्याकडे पाहू लागले. मी अंड्यांवर बसले होते आणि चोच उघडून धापा टाकत होते.

"परत्येक टायमाला ती उठून आली?" त्यांनी विचारलं.

"परत्येक टायमाला."

"म्हंजी तिला जागंचं काय न्हाई," बाबा हळूच म्हणाले. "तिला अंड्यांचं हाय."

 त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. टिटवी वर बसली एवढंच सांगितलं असतं, तर कोणी शंका घेतली नसती. माणसं आनंदाने घरी गेली असती, आणि बाबांचं नावही राहिलं असतं. पण सत्तर वर्षांत ते कधी खोटं बोलले नव्हते.

खाली मुकादम यशयाने हजेरी घ्यायला माणसं गोळा केली होती. बाबा भरावावरूनच बोलले. म्हातारा आवाज, पण ओढ्याच्या दोन्ही काठांना पोचला.

"ऐका रं! टिटवी वर बसलीया, पर ती आपल्या पायानं न्हाई आली. माज्या सुनंनं अंडी हालवली. ह्या पाखराला पावसाचं काय कळत न्हाई. मलाबी कळत न्हाई. कधीच कळत न्हवतं. आजवर तुमाला जे सांगितलं, ते माज्या बानं मला सांगितलं म्हनून सांगितलं. बी दळू नगा. माजं ऐकून तर मुळीच दळू नगा."

कोणी हसलं. कोणी म्हणालं, म्हातारा चळला. मग गर्दीतून छबूबाई पुढे आली.

"बाबा," ती म्हणाली, "ह्ये धा दिस आदी सांगायचं हुतं. माजं बियाणं पोटात गेलं."

 बाबांनी डोक्यावरचा पटका काढला आणि सगळ्यांदेखत दोन्ही हात जोडले. मी त्या माणसाला नांगर उचलताना पाहिलं होतं, बैलांवर खेकसताना पाहिलं होतं. इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या शब्दाला वजन होतं ते माझ्यामुळे, आणि ते गेलं तेही माझ्यामुळेच.

बाजारानंतर काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा गोरक्ष एक फडकं घेऊन आला. त्यात बाजरीच्या कणसांच्या दोन जुड्या होत्या. त्यांच्या आढ्याला चार होत्या, एवढं मी त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. त्याने ते फडकं छबूबाईच्या घमेल्यात ठेवलं आणि कुदळ घेऊन खाली उतरला. छबूबाईने कणसं मोजली नाहीत. पदराखाली झाकून ती घरी पोचवून आली आणि उशिरा आली म्हणून यशयाने तिला टोकलं नाही.

दहा-बारा दिवसांनी माझी तीन पिल्लं बाहेर आली. आमची पिल्लं अंग वाळलं की लगेच चालायला लागतात. ती तिघंही भरावावरून सरळ खाली, तलावाच्या तळाकडे निघाली, कारण किडे तिथल्या ओलीत होते. एवढ्या कष्टाने वर आणलेलं सगळं पुन्हा खाली चाललं. मी त्यांच्यामागे होते. बाबा आणि चांगुणा बाभळीखालून पाहत होते.

"आजा, ती खाली चालली," चांगुणा घाबरून म्हणाली. "मंग आता पाऊस न्हाई का?"

"ती खायाला चालली, बाये," बाबा म्हणाले. "भूक लागलीया तिला."

त्या वर्षी पाऊस आला. तो माझ्यामुळे आला नाही आणि राहीबाईमुळेही आला नाही. पण तो आला तेव्हा राहीबाईच्या रानात अर्ध्या बियाण्याची पेरणी झाली आणि अर्ध्या बियाण्याची छबूबाईच्या. ज्यांनी सगळं दळून खाल्लं होतं त्यांची काही रानं तशीच राहिली. त्यानंतर टिटवी कुठे बसली, असं बाबांना कोणी विचारलं नाही. पुढच्या थंडीत ते वारले. माझ्या खळगीभोवती आता कोणी नांगर उचलत नाही. लोकांना आता माझी गरज राहिलेली नाही, आणि गरज संपली की माणसं खाली बघून चालत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात माझी अंडी एका नांगराखाली गेली.

मित्रांनो, तुमच्या आईबापांनी सांगितलेल्या गोष्टी जरूर ऐका. त्या माणसांचं आमच्याकडे लक्ष होतं, म्हणूनच त्यांना त्या सुचल्या. पण गोष्ट ऐकून झाली की एकदा आमच्याकडेही पाहा. आम्ही पाणी कुठून आणतो, काय खातो, का ओरडतो, ते बघा. पाऊल टाकण्याआधी जमीन बघा. त्या चार अंड्यांत पाऊस नव्हता. माझी पिल्लं होती. चार होती, तीन निघाली.